रेगे-संगीतांतील स्नेअरचा ठोका

एखाद्या वाद्याचा ‘अस्सल’ नाद कसा काढावा, हा प्रश्न वरवर पाहतां कारागिराचा आहे. टीकाकारानें त्यांत लक्ष घालावें असें त्यांत कांहीं दिसत नाहीं. परंतु गेल्या वर्षीं आमच्या एका स्नेह्यांच्या चिरंजीवांनीं हा प्रश्न आमच्यापुढें अशा आग्रहानें मांडला कीं, तो केवळ कारागिराचा नसून रसिकाचा आणि थोड्याफार अंशानें न्यायाचाही आहे, अशी आमची हळूहळू खात्री होत गेली. हे तरुण गृहस्थ पुण्यास राहतात. सदाशिव पेठेंतील आपल्या घराच्या एका खोलींत, भिंतींना जाड गाद्या लावून, त्यांनीं ध्वनिमुद्रणाची लहानशी व्यवस्था केली आहे. आणि जमैका बेटांतून जगभर पसरलेल्या रेगे-संगीताचें त्यांना विलक्षण वेड आहे. त्यांची तक्रार एकच होती. गिटार जमली, खर्जांतील बास गिटार जमली, ऑर्गनही जमला. पण स्नेअर नांवाचा जो लहान ढोल त्या संगीतांत आवर्तनागणिक एकदांच ‘टक्’ करून बोलतो, त्याचा तो एक ठोका कांहीं केल्या जमेना.

त्यासाठीं त्यांनीं पैसे मोजून तयार ठोक्यांचा एक संग्रह मिळविला होता. असे संग्रह आतां सर्रास विकत मिळतात. जुन्या रेगे-ध्वनिमुद्रिकांच्या धर्तीवर मुद्दाम वाजवून घेतलेले सुटे ठोके त्यांत असतात, आणि संगणकावर हवा तो ठोका हव्या त्या जागीं बसवितां येतो. चिरंजीवांनीं तो ठोका आम्हांस प्रथम सुटा ऐकविला, तेव्हां त्यांत आम्हांस कांहींच उणें आढळलें नाहीं. पण गाणें सुरू झालें आणि तोच ठोका त्यांत येऊं लागला, तेव्हां तो अनोळखी घरीं आलेल्या पाहुण्यासारखा अवघडून बसला आहे, हें आमच्याही कानांस कळलें. सुटा असतां जो खरा, तो गाण्यांत जातांच खोटा कां वाटावा, याचा उलगडा करण्याचा हा प्रयत्न आहे.

या प्रश्नास आजवर दोन ठराविक उत्तरें मिळत आलीं आहेत. पहिलें उत्तर याद्या करणाऱ्यांचें. अमक्या व्यासाचा ढोल घ्या, त्याची पुडी इतकी ताणा, अमुक बनावटीचा मायक्रोफोन अमुक अंतरावर ठेवा, कीं नाद आपोआप येईल, असें ते सांगतात. दुसरें उत्तर भाविकांचें. हा नाद त्या लोकांच्या रक्तांतच असतो, इतरांनीं त्याच्या वाटेस जाऊं नये, असें त्यांचें म्हणणें. यांपैकीं पहिलें उत्तर अपुरें असलें तरी निदान प्रामाणिक आहे. दुसरें दिसावयास आदराचें, पण वस्तुतः अनादराचेंच. कारण माणसांनीं परिश्रमानें, कानानें आणि बुद्धीनें जें साधलें, तें रक्ताच्या खातीं जमा केलें कीं त्या परिश्रमाचें श्रेय देण्याची जबाबदारी उरत नाहीं. आमच्या मतें खरें उत्तर या दोहोंहून निराळें आहे. परंतु त्याकडे वळण्यापूर्वीं वाद्याची ओळख करून घेणें अवश्य आहे.

स्नेअर म्हणजे दोन्ही तोंडांस पुडी असलेला, सुमारें १४ इंच व्यासाचा आणि वितीहून कमी उंचीचा ढोल. त्याच्या खालच्या पुडीस चाटून जातील अशा बेतानें तारांचा एक पट्टा ताणून बसविलेला असतो. वरच्या पुडीवर काठी पडली कीं आंतली हवा खालच्या पुडीस हादरविते, तारा तिच्यावर थरथरतात, आणि साध्या ढोलाच्या घुमाऱ्याऐवजीं करकरीत, सळसळता असा नाद उमटतो. आपल्याकडील ताशाशीं त्याची तुलना करण्याचा मोह होतो, आणि कांहीं अंशीं ती योग्यही आहे. दोहोंची पुडी कडक ताणलेली, दोहोंचा आवाज गर्दींतून आरपार जाणारा. परंतु ताशाला एकच तोंड असतें आणि त्याला तारा नसतात. शिवाय दोहोंचा वंशही निराळा. हिंदुस्थानांतून गेलेल्या मजुरांबरोबर ताशा त्रिनिदाद बेटांत पोंचला आणि तेथें तो ‘तासा’ या नांवानें अद्याप वाजत आहे. जमैकाचा स्नेअर मात्र युरोपांतील पलटणींच्या ढोलाचा वंशज होय. शिपायांचीं पावलें एका लयींत पडावीं, हें त्या ढोलाचें मूळ काम. अर्थात् जेथें पाऊल पडावयाचें तेथें जोर देणें हा त्याचा जन्मजात स्वभाव.

जमैका १९६२ पर्यंत इंग्रजांच्या अमलाखालीं होतें, त्यामुळें पलटणी बँडची परंपरा तेथें चांगलीच रुजलेली होती. किंग्स्टन शहरांतील अल्फा नांवाची, १८८० मध्यें स्थापन झालेली आणि पुढें कॅथॉलिक मठवासिनींनीं चालविलेली मुलांची शाळा या बाबतींत प्रसिद्ध आहे. घरच्या आधारास पारख्या झालेल्या किती तरी मुलांच्या हातीं त्या शाळेनें वाद्य दिलें. ट्रॉम्बोनवादक डॉन ड्रमंड आणि सॅक्सोफोनवादक टॉमी मकूक हे तेथलेच. रेगेंतील नामांकित ढोलवादक लिरॉय वॉलेस हेही तेथलेच. म्हणजे स्नेअर जमैकाच्या हातीं आला तो कवायतीच्या शिस्तीसकट आला.

पण त्या बेटांत ढोलाची दुसरी एक परंपरा होती. आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांनीं ती जपली, आणि पुढें रास्ताफारी पंथाच्या भजनमंडळींत ती भरभराटीस आली. या भजनांत तीन ढोल असतात. सर्वांत मोठा खर्जाचा. मधला ‘फुंडे’, जो हृदयाच्या ठोक्यासारखी संथ लय न चुकतां चालू ठेवतो. आणि लहान, उंच स्वराचा ‘रिपीटर’, जो त्या लयीवर बोलतो, प्रश्न करतो, मध्येंच गप्प बसतो. काउंट ओसी या ढोलवादकाच्या मंडळीभोंवतीं किंग्स्टनचे अनेक वादक जमत असत. १९६४ मध्यें एकत्र आलेल्या स्कॅटलाइट्स या प्रसिद्ध वाद्यवृंदाचे ढोलवादक लॉइड निब यांच्या वादनावर या हातानें वाजविण्याच्या ढोलांचा संस्कार स्पष्ट ऐकूं येतो. त्या वेळचें द्रुत लयीचें संगीत ‘स्का’. १९६६ च्या सुमारास त्याची लय उतरून ‘रॉकस्टेडी’ झालें. आणि १९६८ च्या आगेमागें त्यांतून रेगे निघालें. आमच्या समजुतीप्रमाणें या चार-पांच वर्षांत घडलें तें इतकेंच कीं, पलटणींत वाढलेल्या स्नेअरला रिपीटरची बोली शिकावी लागली. जो ढोल पाऊल टाकावयास सांगत होता, तो आतां थांबावयास सांगूं लागला.

हें थांबणें म्हणजे काय, हें आपल्या वाचकांस आपल्याच संगीताच्या भाषेंत सांगतां येईल. चार मात्रांचें एक संथ आवर्तन धरावें. युरोप-अमेरिकेच्या बहुतेक लोकप्रिय संगीतांत पहिल्या मात्रेवर पायानें वाजविण्याचा मोठा ढोल पडतो आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर स्नेअर. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ नांवाच्या ठेक्यांत ही सारी मांडणी उलटते. पहिली मात्रा कोरी सोडलेली असते. दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर गिटारीचे आंखूड आघात येतात. आणि मोठा ढोल व स्नेअर हे दोघे मिळून एकाच क्षणीं, फक्त तिसऱ्या मात्रेवर उतरतात. आपल्या त्रितालांतही नवव्या मात्रेवर खाली असते आणि तेथें डग्ग्याचा घुमारा थांबतो. परंतु आपली खाली ही समेकडे जाणारी वाट असते. तेथें हात आंखडता घेतला जातो तो पुढें सम अधिक उठून दिसावी म्हणून. वन ड्रॉपमध्यें खुद्द समच रिकामी ठेविली आहे. जेथें सारे कान टेकावयास जातात तेथें बैठकच नाहीं. आणि अर्धें आवर्तन लोटल्यावर, कान वाट पाहून थकला असतां, तो एकुलता एक ठोका येतो.

या ठेक्याचे सर्वश्रेष्ठ वादक म्हणून कार्लटन बॅरेट यांचें नांव घेतलें जातें. त्यांचा जन्म १९५० चा. थोरले बंधु ॲस्टन बास गिटार वाजवीत. आणि हे दोघे भाऊ मिळून बॉब मार्ली यांच्या वेलर्स मंडळीचा पाया होते. १९७३ मध्यें निघालेल्या ‘कॅच अ फायर’ आणि ‘बर्निन्’ या दोन संग्रहांपासून पुढें त्यांचा हात सातत्यानें ऐकावयास मिळतो. वन ड्रॉपच्या जनकत्वाचा मान कोणी विन्स्टन ग्रेनन यांस देतात. त्या वादांत शिरण्याचें आम्हांस कारण नाहीं. बॅरेट यांच्या वादनांत आम्हांस जें जाणवतें तें असें कीं, त्यांचा स्नेअर ठोका देतांना जितका बोलतो, त्याहून अधिक तो ठोका येण्यापूर्वीं बोलतो. मधल्या रिकाम्या जागेंत झांजेच्या जोडीची बारीक, किंचित् डुलती चाल तेवढी ऐकूं येत असते. मग ठोका पडतो आणि तत्काळ संपतो; त्याची आंस बासच्या स्वरांत लुडबुडत नाहीं. खालची सारी जागा थोरल्या भावाची आहे, हें धाकट्यास पक्कें ठाऊक आहे.

येथें आमचा मुख्य सिद्धान्त मांडावयास हरकत नाहीं. रेगेंतील स्नेअरचा नाद हा त्या ठोक्याच्या जागेंतून जन्मास आलेला आहे. तो कोरडा कां? तर त्याच्यापूर्वींची शांतता कोरी राहावी आणि त्याच्यामागून येणाऱ्या बासला अडथळा होऊं नये म्हणून. तो उंच स्वराचा कां? तर त्याच क्षणीं मोठा ढोलही पडत असतो, आणि दोघांचे आवाज एकमेकांत मिसळून चिखल होऊं नये म्हणून. तो लांकडासारखा कां? तर पुष्कळदां तो पुडीवर वाजविलेलाच नसतो. जो हें कारण न समजतां केवळ कार्य उचलूं जातो, त्याच्या हातीं त्या ठोक्याचें कलेवर तेवढें येतें.

तथापि एवढें सांगून थांबणें म्हणजे भाविकांच्या पंथास जाऊन मिळण्यासारखें होईल. कृति आहेच, आणि ती सांगितलीही पाहिजे. रेगेचा वादक स्नेअरवर मुख्यतः दोन प्रकारांनीं आघात करतो. पहिल्या प्रकारांत काठी पुडीवर आडवी ठेवतात, तिचें एक टोंक तळहाताखालीं पुडीवर टेकलेलें असतें, आणि दुसरें टोंक ढोलाच्या धातूच्या कडेवर आपटतात. तळहातानें पुडी दाबलेली असल्यामुळें ढोल घुमत नाहीं. लांकडावर लांकूड आपटावें तसा ‘टक्’ असा बोल तेवढा निघतो. काठी उलटी धरून जाड बुडाकडचें टोंक कडेवर आणलें तर बोल भरीव होतो, आणि काठी बोटभर मागें-पुढें सरकविल्यानेंही तो बदलतो. तबल्याच्या चाटेवर बोट कोठें पडावें याविषयीं जी काळजी आपले तबलजी घेतात, तीच येथें घ्यावी लागते. दुसरा प्रकार गाण्याच्या आरंभीं किंवा कडवें संपतांना ऐकूं येतो. तेथें काठी पुडी आणि कड या दोहोंवर एकदमच पडते, आणि पुडी फार ताणलेली व खालच्या तारा सैल किंवा अजिबात सोडलेल्या असल्यामुळें, शेजारच्या क्यूबा बेटांतील तिंबालेस नांवाच्या वाद्यासारखा खणखणीत, मोकळा स्वर निघतो. त्या वेळीं स्नेअर आपली पलटणी सळसळ पार विसरलेला असतो. बाकीचे ढोल याच्या अगदीं उलट ठेवतात; त्यांच्या खालच्या पुड्या पुष्कळदां काढून टाकलेल्या, मोठ्या ढोलाच्या पोटांत उशी किंवा कांबळें कोंबलेलें. एकच वाद्य वाजावें म्हणून बाकीच्यांनीं तोंड मिटून घ्यावें, अशी ही व्यवस्था आहे.

याद्या करणाऱ्यांचें म्हणणें इथवर आम्हांस मान्य आहे. पण अस्सलपणा या यादींतच संपतो असें समजणाऱ्यांनीं दोन-तीन ध्वनिमुद्रिका लक्षपूर्वक ऐकाव्या. त्यांत पहिली १९७६ ची, माइटी डायमंड्स या त्रयीची ‘राइट टाइम’. किंग्स्टनच्या मॅक्सफील्ड मार्गावर हूकिम बंधूंनीं १९७२ मध्यें काढलेल्या चॅनल वन या मुद्रणगृहांत ती तयार झाली, आणि तींत लॉवेल ऊर्फ स्लाय डनबार यांनीं स्नेअरच्या कडेवर एका ठोक्याच्या जागीं दोन ठोके इतक्या सफाईनें घातले कीं ऐकणारे चकित झाले. हें माणसाच्या हाताचें काम असेल असें लोकांस वाटेना. कोणत्या तरी यंत्राची ही करामत असावी असा त्यांचा समज झाला. ही हकीकत पुढें डनबार यांनीं स्वतःच सांगितली आहे. बॅरेट यांची शांतता येथें नाहीं. त्या जागीं कवायतीची चपळ, आग्रही चाल आहे, आणि म्हणूनच त्या काळीं या ढंगास लढाऊ म्हणत. स्नेअरच्या रक्तांतला पलटणी पूर्वज जणूं पुन्हां जागा झाला. पण या वेळीं तो दुसऱ्याच सेनेंत होता. बॅरेट यांचाच नाद अस्सल मानावयाचा, तर डनबार यांचा खोटा ठरेल. तसें म्हणण्यास रेगेचा कोणीही जाणता श्रोता धजणार नाहीं.

दुसरें उदाहरण त्याहून अडचणीचें आहे. खुद्द वेलर्स मंडळीच्या १९७४ च्या ‘नॅटी ड्रेड’ या संग्रहांत ‘नो वूमन, नो क्राय’ हें गाणें आहे. त्याचें पुढील वर्षीं लंडनच्या जलशांत मुद्रित झालेलें रूपच बहुतेकांच्या परिचयाचें आहे. पण संग्रहांतील मूळ रूपांत ताल धरणारें एक यंत्र स्पष्ट ऐकूं येतें. म्हणजे ज्या मंडळींत बॅरेट यांच्यासारखा हात हजर होता, त्या मंडळीसही यंत्राचें वावडें नव्हतें.

तिसरें उदाहरण १९८५ चें. वेन स्मिथ या तरुण गायकाचें ‘अंडर मी स्लेंग टेंग’ हें गाणें किंग जॅमी यांनीं बाहेर काढलें, आणि एका रात्रींत जमैकाच्या संगीताचें वळण बदललें असें म्हणतात. त्या गाण्याचा सारा पाया कॅसिओ कंपनीच्या ‘एमटी-४०’ या लहानशा, घरगुती कळफलकाच्या वाद्यांत आधींपासूनच भरून ठेवलेल्या एका तयार ठेक्यावर उभा आहे. तो ठेका त्या कंपनींतील ओकुदा हिरोको या जपानी तरुणीनें रचला होता. वाद्यावर त्याचें नांव ‘रॉक’ असें होतें; परंतु रचणारी स्वतः रेगेची अभ्यासू श्रोती होती. जॅमी यांनीं त्याची लय उतरविली, आणि एका जपानी कंपनीच्या घरगुती वाद्यांतला ठेका किंग्स्टनच्या नाचांत असा मिसळून गेला कीं त्यावर पुढें शेंकडों गाणीं रचलीं गेलीं. त्या यंत्राचा स्नेअर सुटा ऐकला तर पातळ, कागदावर टिचकी मारल्यासारखा वाटतो. आमच्या तरुण मित्राच्या विकत घेतलेल्या ठोक्याच्या तो पासंगासही पुरणार नाहीं. तरीही तो अस्सल आहे आणि हा नाहीं. यंत्राच्या या प्रवेशानें पुष्कळ वादकांच्या पोटावर पाय आला, ही गोष्ट आम्ही नजरेआड करूं इच्छित नाहीं. पण दोष नादाचा नव्हता. हात असूनही यंत्र वाटावें आणि यंत्र असूनही घरचें वाटावें, या दोन्ही गोष्टी जेथें घडल्या, तेथें अस्सलपणा हाताच्या वा यंत्राच्या पारड्यांत टाकतां येत नाहीं, एवढेंच आम्हांस म्हणावयाचें आहे.

मग तो कशांत आहे? आमच्या मतें तो निवडींत आहे. काय गाळावयाचें या निवडींत. ही गोष्ट सर्वांत अधिक उघडपणें किंग टबी यांच्या कामांत दिसते. त्यांचें खरें नांव ऑस्बर्न रडक. जन्म १९४१ चा. धंदा विजेचीं उपकरणें आणि रेडिओ दुरुस्त करण्याचा. किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तींतील आपल्या राहत्या घरांतच त्यांनीं लहानसें मुद्रणगृह थाटलें होतें. दुसरीकडे वाजवून मुद्रित केलेल्या गाण्यांच्या फिती त्यांच्याकडे येत, आणि ते त्यांतून गाणें काढून घेत. गायकाचा आवाज एखाद्या शब्दापुरता ठेवून नाहींसा करीत, गिटार मालवीत, उरे तो ढोल आणि बास. मग स्नेअरचा एकच ठोका उचलून ते प्रतिध्वनीच्या यंत्रांत सोडीत. तो फितीवरून फिरून फिरून क्षीण होत, आवर्तनाच्या रिकाम्या जागेंत विरत जाई. दुसरें साधन लोखंडी कमानीच्या प्रतिध्वनीचें. एका पेटींत बारीक तारेच्या गुंडाळ्या ताणून बसविलेल्या असतात, नाद त्यांतून धांवतो आणि पत्र्याच्या विहिरींत दगड टाकल्यासारखा झणत्कार घेऊन परत येतो. टबी कधीं कधीं ती पेटीच ठोकीत, आणि मेघगर्जनेसारखा आवाज काढीत. ‘डब’ नांवाचा हा प्रकार ऐकतांना असें वाटतें कीं स्नेअर दोघांनीं मिळून वाजविला आहे. एकानें काठीनें, आणि दुसऱ्यानें, कित्येक दिवसांनीं, यंत्राच्या कळा फिरवून. पहिल्यानें समेची मात्रा गाळली, दुसऱ्यानें त्यावरचें गाणेंच गाळलें. दोघांचा धर्म एकच. १९८९ मध्यें आपल्या घराबाहेर टबी यांचा गोळी घालून खून झाला. दोनच वर्षांपूर्वीं, १९८७ मध्यें, कार्लटन बॅरेट यांनाही तसेंच आपल्या घरापाशीं मरण आलें होतें.

येथवर रसिकतेचा विचार झाला. आरंभीं आम्ही न्यायाचा उल्लेख केला, त्याकडे आतां वळूं. जमैकाच्या मुद्रणगृहांत वादकांस बहुधा गाण्यागणिक ठराविक मोबदला मिळे, आणि तेथें व्यवहार संपे. त्याच ठेक्यावर पुढें दुसरीं पन्नास गाणीं निघालीं, तरी वादकाचा त्यांवर कांहीं हक्क नसे. शब्द कोणाचे हें कायद्यास समजतें, चाल कोणाची हेंही समजतें; पण पहिली मात्रा कोरी सोडण्याची कल्पना कोणाची, तिसऱ्या मात्रेवरील ठोक्याचा बाज कोणाचा, याची नोंद कोठें करावयाची? ॲस्टन बॅरेट यांनीं स्वतःच्या आणि दिवंगत भावाच्या वतीनें मानधनाच्या वांट्यासाठीं लंडनच्या न्यायालयांत दावा लाविला होता. १९९४ मधील तडजोडीनें त्यांनीं आपले हक्क सोडून दिले होते, असें ठरवून २००६ मध्यें न्यायालयानें तो फेटाळला. कायद्याच्या दृष्टीनें तो निकाल बरोबरही असेल. त्यावर मत देण्याचा आमचा अधिकार नाहीं. ॲस्टन हेही २०२४ मध्यें निवर्तले. युनेस्कोनें २०१८ मध्यें जमैकाच्या रेगे-संगीतास मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें, ही गोष्ट आनंदाची खरीच. परंतु एखादी वस्तु साऱ्या मानवजातीची झाली, कीं ती घडविणाऱ्या चार माणसांचीं नांवें त्या मोठ्या नांवाखालीं झांकून जातात, हाही अनुभव आहे.

‘अस्सल’ नादाच्या शोधांत निघालेल्या तरुणांस म्हणून आम्हांस इतकेंच सांगावेसें वाटतें कीं, हा नाद कोणाचा, हा प्रश्न तो कसा काढावा या प्रश्नापासून तोडूं नये. ज्यास बॅरेट, डनबार आणि टबी हीं तीन निरनिराळीं माणसें म्हणून ऐकूं येतात, त्यास ‘रेगेचा स्नेअर’ असा एकच एक नाद नाहींच, हें कळून चुकतें. विकतच्या संग्रहांत ठोके असतात, त्यांस नुसते क्रमांक असतात. वादकाचें नांव गळलें, कीं त्याबरोबर तो ठोका तसा कां वाजविला याचें कारणही गळतें.

आमच्या तरुण मित्राचें पुढें काय झालें, हें वाचकांस सांगणें प्राप्त आहे. त्यांचें गाणें आम्ही पुन्हां ऐकविण्यास सांगितलें आणि या वेळीं स्नेअरकडे कानाडोळा करून बाकीचें ऐकलें. दोष तत्काळ सांपडला. गाण्याला भक्कम पाया हवा, या समजुतीनें त्यांनीं प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर मोठ्या ढोलाचा एक हलका ठोका घातला होता. सम भरलेली होती! मग तिसऱ्या मात्रेवरील स्नेअरला करण्यासारखें कांहीं उरलेंच नव्हतें. म्हणून तो इतका खरा असूनही उपरा वाटत होता. तो पहिला ठोका त्यांनीं पुसला, तेव्हां त्यांस स्वतःसही धास्ती वाटली कीं आतां गाणें कोसळणार. तें कोसळलें नाहीं. उलट त्यांत हवा खेळूं लागली.

त्यानंतर त्यांनीं तो विकतचा ठोकाही काढून टाकला. एका लग्नाच्या बँडमधील ओळखीच्या माणसाकडून जुना स्नेअर मागून आणला, त्याच्या तारा सोडल्या, पुडीवर हातरुमालाची घडी ठेविली, आणि काठी आडवी धरून तीन आठवडे रोज तोच एक ठोका घटविला. आतां जें मुद्रण झालें आहे त्यांतील नाद किंग्स्टनचा नाहीं. तो सदाशिव पेठेंतल्या एका खोलीचा आहे. बारकाईनें ऐकलें तर शेवटच्या कडव्यांत खालून जाणाऱ्या दुचाकीचा आवाजही त्यांत सांपडतो. ठोका दोन-तीन ठिकाणीं किंचित् आधीं पडला आहे, आणि वाट पाहण्याचें धैर्य अद्याप पुरतें अंगीं बाणलेलें नाहीं, हें आम्हीं त्यांस स्पष्ट सांगितलें आहे. तथापि तो ठोका आतां अवघडून बसत नाहीं. मुद्रणाबरोबर जी लहानशी माहिती द्यावयाची असते, तींत त्यांनीं वादक म्हणून स्वतःचें नांव घातलें आहे, आणि त्याखालीं, ज्यांचें ऐकून शिकलों म्हणून, कार्लटन बॅरेट यांचें.